एका पराची फळी आणि लाटेवरच्या बाया



आज आपण एका फळीचा इतिहास ऐकणार आहोत. ही फळी पाण्यावर टाकायची, तिच्यावर पोटावर झोपायचं, दोन्ही हातांनी पाणी मारत लाटेच्या पुढे जायचं आणि लाटेने उचललं की उभं राहायचं. हिला सर्फबोर्ड म्हणतात. गोव्यात आश्वे आणि हरमलच्या किनाऱ्यावर ती शिकवतात, खाली कर्नाटकात मुल्कीला शिकवतात. आपल्या तारकर्ली, देवबाग, दांडीच्या बाजूला स्कूबा आलं, पॅरासेलिंग आलं, बनाना राईड आली. सर्फबोर्डही आपल्या दारापासून फार लांब राहिलेला नाही. तो आला की ‘हा पुरुषांचा खेळ’, ‘हे बाहेरच्यांचं काम’ असंही कानावर येईल. तेव्हा या फळीवर सुरुवातीपासून कोण कोण उभं होतं, हे आपण आधीच जाणून घेतलेलं बरं.

सर्फबोर्ड अनेक प्रकारचे असतात. आम्ही बोलणार आहोत ते एका पराच्या जुन्या धाटणीच्या फळीबद्दल. माशाला जसा पर असतो, तसा फळीच्या खाली, शेपटीकडे एक पर बसवलेला असतो. त्याला इंग्रजीत फिन म्हणतात. आजकालच्या बहुतेक फळ्यांना तीन पर असतात. तरी जगभर लोक पुन्हा एका पराच्या फळीकडे वळले आहेत. आपल्यासारख्या किनाऱ्यावर ती फळी का बरी, तेही शेवटी सांगू.

लाट ओळखणारी माणसं

सुरुवात घरापासून करू. आपल्या मालवणच्या जुन्या लाकडी होडीला एका बाजूला उलांडी असते. दोन आडव्या दांड्या आणि त्यांच्या टोकाला पाण्यावर तरंगणारं लाकूड. होडी कलंडू नये म्हणून ही सोय. अशीच उलांडीची होडी श्रीलंकेत दिसते, इंडोनेशियात दिसते, मादागास्करला दिसते आणि प्रशांत महासागराच्या मधोमध हवाई बेटांवरही दिसते. आग्नेय आशियातले दर्यावर्दी पूर्वेला हवाईपर्यंत आणि पश्चिमेला मादागास्करपर्यंत पोहोचले, तेव्हा ही होडी त्यांच्याबरोबर गेली. आपल्या हिंदी महासागरातल्या उलांडीचं मूळही त्यांच्याकडेच असावं, असं पुष्कळ अभ्यासक मानतात. म्हणजे आपली होडी आणि हवाईची होडी एकमेकींच्या नात्यातल्या.

ही होडी किनाऱ्याला आणताना तांडेल काय करतो ते तुम्ही पाहिलं आहे. मोठ्या लाटांची एक टोळी जाऊ देतो, मधला शांत वेळ साधतो, मागून येणारी लाट होडीखाली घेतो आणि तिच्याच जोरावर वाळूवर येतो. वल्ह्याने होडी सरळ धरली नाही तर ती आडवी फिरते आणि उलटते. लाटेवर बसून किनाऱ्याला येणं ते हेच. खेळ म्हणून नाही, पोटासाठी.

आणि बायांचं म्हणाल तर रापणीचा दोर किनाऱ्याला आला की मासळी निवडायला, पाटीत भरायला, बाजारात न्यायला बायाच. ओहोटीला खडपावर कालवं काढायला, खाडीत तिसऱ्या-मुळे गोळा करायला बायाच. भरती कधी लागेल, पाणी कुठून वळेल, कुठल्या दिवशी उधाण, हे आपल्या आया-आज्यांना पंचांग न उघडता कळतं. आपलं ज्ञान पाण्याच्या कडेपर्यंत आहे. पुढे मात्र होडीत पाऊल ठेवायला आपल्याला फारसं कुणी बोलावलं नाही. हवाईत तसं नव्हतं.

राणीही लाटेवर, प्रजाही लाटेवर

हवाई बेटांवर लाटेवर उभं राहण्याची कला शेकडो वर्षांची. त्यांच्या भाषेत तिला ‘हेए नालू’ म्हणतात, म्हणजे लाटेवरून घसरणं. १७७८ मध्ये इंग्रज कप्तान जेम्स कुक तिथे पोहोचला. त्याच्या जहाजावरच्या लोकांनी ही कला पाहिली आणि थक्क होऊन लिहून ठेवली. पुरुष, बाया, पोरं, सगळे लाटेवर. सरदार-राजांच्या फळ्या लांब आणि खास, सामान्यांच्या आखूड, पण लाटेवर सगळेच.

तिथली काहूमानू राणी, पहिल्या कामेहामेहा राजाची बायको, लाटेवर स्वार होण्यात नावाजलेली होती. पुढे तिने राज्यकारभारही पाहिला. म्हणजे राज्य चालवणारी बाई आणि लाटेवर उभी राहणारी बाई एकच, आणि यात तिथे कुणाला नवल वाटलं नाही.

फळ्या कशाच्या? ऐकून आपलंच परसदार आठवेल. एक झाड होतं निरफणसाचं. आपण ज्याच्या फोडी तळतो, तोच निरफणस. दुसरं कोआ नावाचं झाड, ते आपल्या बाभळीच्या नात्यातलं. तिसरं विलीविली, ते आपल्या पांगाऱ्याचं भावंड. पांगाऱ्यासारखंच हलकं लाकूड, म्हणून सर्वांत लांब फळ्या त्याच्या करत. खेळून झालं की फळी वाळवायची, तिला खोबरेल तेल चोळायचं, कापडात गुंडाळायची आणि घरात टांगून ठेवायची. १८२०च्या दशकात तिथे गेलेल्या विल्यम एलिस या पाद्र्याने हे नोंदवून ठेवलं आहे. आपण जातं, उखळ, विळी जशी जपतो, तशी ती माणसं फळी जपत.

फळी खाली कशी उतरली

मग वाईट दिवस आले. बाहेरून आलेल्या जहाजांबरोबर देवी, गोवर असे रोग आले. बेटांवरच्या माणसांना त्यांची सवय नव्हती. शंभर वर्षांत मूळ लोकसंख्या कितीतरी पटींनी घटली. १८२० मध्ये अमेरिकेतून मिशनरी आले. उघड्या अंगाने बायका-पुरुषांनी एकत्र पाण्यात खेळणं, त्यावर पैजा लावणं, कामधाम सोडून लाटेकडे धावणं हे त्यांना पसंत नव्हतं. फळी कायद्याने बंद झाली असं नाही, पण माणसं कमी झाली, मन मोडलं, आणि फळ्या घराच्या आढ्याला टांगलेल्याच राहिल्या.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो. हे मिशनरी पाठवणारी बॉस्टनची संस्था आणि मुंबईत १८१३ मध्ये अमेरिकन मराठी मिशन सुरू करणारी संस्था एकच. तिने मुंबईत १८२४ मध्ये मुलींची शाळा काढली. तिच्याच सिंथिया फरार या बाईंनी पुढे अहमदनगरला मुलींना शिकवलं, आणि ते काम पाहून जोतीराव फुल्यांनाही प्रेरणा मिळाली. एकच संस्था एका किनाऱ्यावर मुलीच्या हाती पाटी देते आणि दुसऱ्या किनाऱ्यावर तिच्या पायाखालची फळी तिला नकोशी वाटते. इतिहास असा दुपेडी असतो. ज्याने एक दार उघडलं, त्याच्या हातून दुसरं लागलेलंही असू शकतं. दोन्ही लक्षात ठेवावं.

१८९३ मध्ये हवाईची राणी लिलिउओकलानी हिला गादीवरून उतरवलं गेलं आणि १८९८ मध्ये अमेरिकेने बेटं आपल्या राज्याला जोडून घेतली. त्या राणीची भाची काइउलानी लाटेवर जाणारी होती. राज्य गेल्यानंतर वर्षभरातच, १८९९ मध्ये, अवघ्या तेविसाव्या वर्षी ती वारली. तिची कोआ लाकडाची फळी होनोलुलूच्या बिशप संग्रहालयात आहे.

पंधरा वर्षांची इझाबेल

विसाव्या शतकात फळी परत पाण्यात उतरली. हवाईच्या ड्यूक कहानामोकू या तरुणाने १९१२च्या ऑलिम्पिकमध्ये पोहण्याचं सुवर्णपदक जिंकलं आणि मग देशोदेशी फिरून लोकांना लाटेवर उभं राहून दाखवलं. १९१४-१५च्या सुमारास तो ऑस्ट्रेलियात सिडनीजवळ फ्रेशवॉटर किनाऱ्यावर गेला. बरोबर फळी नव्हती, तर तिथलंच पाइनचं लाकूड घेऊन स्वतः तासली. प्रात्यक्षिकात त्याने इझाबेल लेथम या पंधरा वर्षांच्या मुलीला फळीवर पुढे उभं केलं आणि दोघं एकाच लाटेवरून किनाऱ्याला आली. इझाबेल पुढे पोहणं शिकवणारी बाई झाली. पण त्याच ऑस्ट्रेलियात समुद्रकिनाऱ्यावरच्या जीवरक्षक क्लबांनी बायांना पूर्ण सदस्य करून घेतलं ते १९८० मध्ये. प्रात्यक्षिकात बाई चालत होती. जबाबदारीच्या जागी चालायला आणखी पासष्ट वर्षं लागली.

पर आला, फळी ताब्यात आली

तोवर फळीला खाली काहीच नव्हतं. तळ सपाट. लाट तिरकी झाली की शेपूट घसरायची आणि माणूस पाण्यात. वळायचं तर एक पाय मागे पाण्यात बुडवून घासायचा. शिवाय भरीव लाकडाच्या फळ्या पस्तीस-चाळीस किलोच्या. उचलायलाच दोन माणसं.

१९३५ मध्ये टॉम ब्लेक या अमेरिकन माणसाने हवाईत एक साधी गोष्ट केली. मोडक्या स्पीडबोटीच्या तळाची धातूची पट्टी काढली आणि आपल्या फळीच्या शेपटीखाली बसवली. फूटभर लांब आणि चार बोटं खोल असेल. शेपूट घसरायची थांबली. उलांडी होडीला कलंडू देत नाही, तसा हा पर फळीला बाजूला सरकू देत नाही. पुढे साठच्या दशकात जॉर्ज ग्रीनो याने माशांच्या परांकडे पाहून, ट्यूना म्हणजे आपल्या कुप्यासारखे, मागे वळलेले लवचीक पर बनवले. आज एका पराच्या फळीखाली दिसतो तो साधारण त्याच वळणाचा, विळ्याच्या पात्यासारखा.

आता वजनाची गोष्ट. १९४७ मध्ये कॅलिफोर्नियात जो क्विग नावाच्या कारागिराने डॅरिलिन झानक या तरुणीसाठी एक फळी बनवली. बाईला एकटीने उचलता यावी म्हणून मुख्यतः बाल्सा नावाचं फार हलकं लाकूड वापरलं. तशाच फळ्या तिथल्या इतर मुलींसाठीही झाल्या. पुरुष त्यांना ‘पोरींच्या फळ्या’ म्हणत. मग एकेकाने त्या उसन्या नेऊन पाहिल्या आणि त्यांना कळलं की या हलक्या फळ्या वळतात छान. हळूहळू सगळ्यांनी जड फळ्या सोडल्या. पुढे ज्या फळ्या त्या किनाऱ्याच्या नावाने मालिबू म्हणून जगभर गेल्या, त्यांचा एक धागा या पोरींच्या फळ्यांपर्यंत जातो. बाईची सोय म्हणून केलेली गोष्ट शेवटी सगळ्यांच्याच सोयीची ठरते, हे आपण घरच्या नळापासून गॅसच्या शेगडीपर्यंत पाहिलंच आहे.

पन्नासच्या दशकाच्या शेवटी लाकूड जाऊन फोम आला. १९८०च्या सुमारास ऑस्ट्रेलियाच्या सायमन अँडरसनने तीन पर लावले. फळी अधिक चपळ झाली आणि स्पर्धांतून एक पर जवळजवळ दिसेनासा झाला. पण मोठ्या, उभ्या लाटेवर झटके देत वळायला जी फळी चांगली, ती छोट्या संथ लाटेवर नवशिक्याच्या कामाची नाही, हे लोकांच्या ध्यानात आलं आणि एका पराची फळी परत आली.

आपल्या किनाऱ्याला कोणती?

आपल्याकडे पावसाळा सोडला तर लाटा बहुधा लहान आणि मऊ. म्हणून लांब, रुंद, एका पराची फळी बरी. पन्नास-साठ किलो वजनाच्या बाईला पहिली फळी नऊ फुटांच्या आसपास, बावीस-तेवीस इंच रुंद आणि पावणेतीन ते तीन इंच जाड असावी. पर आठ ते दहा इंचांचा. पराच्या खाचेत स्क्रू असतो, त्याने तो पुढे-मागे करता येतो. मागे सरकवला तर फळी सरळ आणि स्थिर, पुढे घेतला तर वळायला हलकी. शिकताना मागे ठेवा. अगदी पहिले काही दिवस मऊ फोमची फळी मिळाली तर उत्तम, लागलं तरी कमी लागतं.

जुनी फळी घेत असाल तर नारळ निवडतो तशी पारखून घ्या. अंगठ्याने दाबून पाहा, मऊ लागली तर आत पाणी शिरलेलं असू शकतं. आकाराच्या मानाने फार जड असेल तर तोच संशय. पराच्या मुळाशी भेग नको. थोडं पिवळं पडणं चालतं, तो उन्हाचा रंग. दुरुस्ती मालवणात अवघड नाही, कारण आता होड्याही फायबरच्या आहेत आणि ते काम जाणणारे कारागीर आहेत. मात्र आतला गाभा कसला ते आधी विचारा. थर्माकोलसारखा असेल तर होडीला लावतात ते पॉलिस्टर रेझिन त्याला विरघळवतं. तिथे इपॉक्सीच लागतं. वर पाय घसरू नये म्हणून मेण लावायचं. हवाईचं खोबरेल इथे नको! फळी उन्हात टाकून जाऊ नका. आणि एक फळी एका घराने घ्यावी असंही नाही. गटाने मिळून घेतली तर आठ-दहा मुली पाळीपाळीने शिकतील.

शिकायचं कसं?

आधी पोहणं. पोहता येत नसेल तर फळीच्या आधी तेच. चिवल्याच्या समुद्रात दरवर्षी पोहण्याच्या स्पर्धेला राज्यभरातून मुली येतात. ज्यांच्या दारातच समुद्र आहे त्या आपल्या मुलींनी तिथे मागे का राहावं?

मग वाळूवर सराव. पालथं झोपायचं, हात छातीशी टेकायचे, एका दमात उठून पाय आडवे रोवायचे, गुडघे वाकलेले, नजर पुढे. पायांकडे पाहिलं की पडलंच. नंतर कमरेएवढ्या पाण्यात, फुटून पांढरी झालेली लाट घ्यायची. उठण्याची घाई नको. फळी लाटेबरोबर चालू लागली की मगच उठायचं. एका पराची फळी झटका ऐकत नाही. मागच्या पायावर भार द्या, अंग कलतं करा आणि थांबा, ती मोठं वळण घेत सावकाश वळेल. जात्याला जशी लय लागते तशीच हिला.

सांभाळायचं ते असं. शिकवणारं माणूस आणि किनाऱ्यावर लक्ष ठेवणारं माणूस हवंच. फळीची दोरी पायाला बांधायची. लाट आणि आपण यांच्यामध्ये फळी येऊ द्यायची नाही. पडताना डोकं हातांनी झाकायचं. परतीच्या पाण्याने आत ओढलं तर त्याच्याशी झगडायचं नाही, फळी सोडायची नाही, किनाऱ्याला समांतर सरकत बाहेर यायचं. सकाळची वेळ चांगली, दुपारनंतर खारा वारा सुटला की पाणी खडबडीत होतं. पावसाळ्यात नाव काढायचं नाही. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे ओहोटीची ओढ जबर असते, तिथे नको. रापण टाकलेली असेल त्या बाजूला जायचं नाही. तो आपल्याच माणसांचा घास आहे.

कपड्यांचा प्रश्न बैठकीत हमखास निघतो. पूर्ण बाह्यांचा घट्ट टी-शर्ट आणि गुडघ्याखाली येणारी पँट चालते. ओढणी, साडी, लांब कानातलं नको, कारण ते अडकतं. लाज झाकणारे आणि तरी हातपाय मोकळे ठेवणारे कपडे आता मिळतात. त्यासाठी मुलीला कडेला बसवून ठेवायचं कारण उरलेलं नाही.

प्रश्न फळीचा नाही

भारतात या खेळाचा पाया घातला गेला तो कर्नाटकात. मुल्कीला २००४ मध्ये मंत्र सर्फ क्लब सुरू झाला. मुंबईची इशिता मालवीय मणिपालला शिकत असताना २००७ मध्ये लाटेकडे वळली. देशातली पहिली व्यावसायिक महिला सर्फर म्हणून ती ओळखली जाते. उडुपीजवळच्या कोडी बेंगरे या मच्छीमार गावात शाका सर्फ क्लब उभा राहिला, त्यात तिचा वाटा आहे. जगातही दिवस बदलले. २०१९ पासून जागतिक सर्फ लीगने बायांना पुरुषांइतकंच बक्षीस द्यायला सुरुवात केली. २०२१ मध्ये टोकियोला सर्फिंग पहिल्यांदा ऑलिम्पिकमध्ये आलं आणि बायांचं पहिलं सुवर्णपदक मिळालं कॅरिसा मूरला. ती हवाईचीच, तिथल्या मूळ वंशाची मुलगी.

आपल्या जिल्ह्यातही उदाहरण आहे. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बाया स्वतः होडी वल्हवत पाहुण्यांना कांदळवन दाखवतात. २०१७ मध्ये त्यांनी सुरुवात केली. पाणी तेच, खाडी तीच. फक्त होडीत बसणारी वल्हं हातात घेऊ लागली, आणि पैसा घरात आला तो तिच्या नावाने.

उद्या आपल्या किनाऱ्यावर फळ्या भाड्याने मिळतील, शिकवणीचे पैसे घेतले जातील. तेव्हा आपल्या वाट्याला काय? पाहुण्यांचं जेवण रांधणं आणि खोल्या झाडणं एवढंच? तेही काम मानाचं आहे. पण शिकवणारी, जीवरक्षक, फळी भाड्याने देणारी, तिची दुरुस्ती करणारी, यातली एक तरी जागा आपल्या मुलीची का नसावी? लाट ओळखणं तिला घरातून मिळालेलं आहे.

गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं करा. गावातल्या किती मुलींना पोहता येतं, ते वहीत लिहा. ज्यांना येत नाही त्यांना कोण, कुठे, कधी शिकवेल ते ठरवा. फळी नंतर आणता येईल. आधी मुलगी पाण्यात उतरू दे.

पुढच्या भेटीपर्यंत, नमस्कार.